मॅडमचा पायगुण

मी त्या ठाण्याचा चार्ज घेतला आणि त्याच आठवड्यात ठाण्याची जीप उलटली.

डोंगराकडच्या रस्त्याच्या पहिल्याच वळणावर ती रस्ता सोडून खाली गेली. चालकाचा पाय मांडीत मोडला. शेजारी बसलेल्या शिपायाला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. गाडीचे ब्रेक नरम होते, दुरुस्तीची मागणी आधीच्या साहेबांच्या काळापासून पडून होती आणि हे ठाण्यात सगळ्यांना माहीत होतं. तरी चालकाला बघायला मी दवाखान्यात गेले तेव्हा त्याच्या बायकोनं माझ्या समोरून आपलं लेकरू उचललं, पदराखाली घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली. मला वाटलं, बिचारी दुःखात आहे.

ठाणं सातपुड्याच्या पायथ्याला होतं. म्हसावद मागे टाकून पुढे गेलं की केळी आणि पपईचे मळे हळूहळू संपतात, जमीन खडकाळ होते आणि समोर डोंगर उभा राहतो. निम्मी हद्द सपाटीवर, निम्मी वर पाड्यांमध्ये. मी मूळची पुरुषोत्तमनगरची. वडील साखर कारखान्यात बॉयलरवर होते. मी शिपाई म्हणून भरती झाले, खात्याची परीक्षा देऊन फौजदार झाले आणि पुढे सहायक निरीक्षक. त्या ठाण्याच्या खुर्चीत तोवर एकही बाई बसली नव्हती. आदेश निघाला तेव्हा जिल्ह्यातल्या एका सहकाऱ्यानं फोन करून अभिनंदन केलं आणि शेवटी म्हणाला, "महिला कक्षात निवांत होता की तुम्ही. कशाला त्या कोपऱ्यात जाता?"

ठाण्यातले सगळ्यात जुने माणूस म्हणजे एक हवालदार. सगळे त्यांना नाना म्हणत, मीही म्हणू लागले. निवृत्तीला आले होते. वरच्या गावांच्या पायवाटा त्यांना पाठ होत्या आणि पावरी बोली ते घरच्यासारखी बोलत. पहिल्या दिवशी त्यांनी कडक सॅल्यूट केला, खुर्ची मागे ओढून दिली आणि मी बसल्यावर हळूच म्हणाले, "चार्ज उद्या घेतला असता तर बरं होतं, मॅडम. आज अमावस्या शे."

मी हसले. त्यांनी हसायचा प्रयत्न केला, पण ते हसू काही जमलं नाही.

जीपनंतर एका शिपायाला कावीळ झाली. मग कोठडीतला एक आरोपी झटका येऊन पडला. त्याला लहानपणापासून फिट्स येत होत्या, तो दोन दिवसांत बराही झाला. पण त्याला स्ट्रेचरवरून नेत असताना ठाण्याच्या आवारात उभी असलेली माझीच माणसं त्याच्याकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

त्यानंतर एके सकाळी माझ्या टेबलाच्या खणात सुया टोचलेलं लिंबू सापडलं. मी ते कचऱ्यात टाकलं आणि कुणाला काही विचारलं नाही. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा एक सापडलं. क्वार्टरच्या उंबऱ्याबाहेर राखेची रेघ दिसू लागली. समोरचा चहावाला, जो आधीच्या साहेबांना स्वतः केबिनमध्ये चहा आणून देई, तो आता ट्रे दारातल्या स्टुलावर ठेवून मागे फिरे.

ठाण्यात मी सोडून एकच बाई होती, एक तरुण महिला शिपाई. मी तिला दार लावून घ्यायला सांगितलं आणि विचारलं, "काय चाललंय?"

ती बुटांकडे बघत बोलली. "मॅडम, ते लोक म्हणतात, मॅडमचा पायगुण वाईट आहे. तुम्ही आल्यापासून माणसं पडायला लागली."

"कोण म्हणतं?"

"सगळेच. चहावर."

माझी आई तेव्हा काही दिवस माझ्याकडे राहायला आली होती. तिनं उंबऱ्यावरची राख पाहिली आणि झाडू हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"हाई कोन टाकी जाय वं रोज?"

"सोडी दे, माय. लोके येडा शेतस."

"येडा नही शेतस. घाबरेल शेतस," आई म्हणाली. "तू बदली मांग आते."

मी तिला सांगितलं की बदली मागितली तर यांचं खरं ठरेल. राख तिनं झाडली नाही, मलाही झाडू दिली नाही. तांब्याभर पाणी ओतून ती तिनं उंबऱ्यापासून लांब वाहवून लावली, आणि दुसऱ्या दिवशी गाडीत बसताना माझा हात इतका घट्ट धरला की कंडक्टरला तिला दोनदा हाक मारावी लागली.

हे सगळं मी अंगावरच्या धुळीसारखं झटकत होते. खात्यात इतकी वर्षं काढलेल्या बाईला टोमणे नवे नसतात. पण त्या महिन्याच्या पोलीस पाटलांच्या बैठकीत मी जे पाहिलं, ते झटकता येईना.

हद्दीतल्या प्रत्येक गावाचा पोलीस पाटील महिन्यातून एकदा ठाण्यात येतो. गावात काय घडलं, कोण मेलं, कुठे कुरबुर आहे ते सांगतो. आमच्याकडे त्यांत एकच बाई होती, डोंगराच्या कुशीतल्या एका गावाची. चाळिशीतली विधवा, दहावी झालेली, पावरा समाजातली. राखीव जागेतून नेमणूक झाली होती आणि गाव तिला पाटीलबाई म्हणायचं. ती आली आणि भिंतीजवळच्या खुर्चीवर बसली. तिच्या शेजारी बसलेला माणूस उठून मागे गेला. दुसऱ्या बाजूचा बाहेर जाऊन आला आणि दारातच उभा राहिला. हॉल भरला, लोक भिंतीला टेकून उभे राहिले, पण तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या बैठक संपेपर्यंत रिकाम्या होत्या. ती मान खाली घालून हातातल्या रुमालाची घडी घालत आणि उलगडत राहिली.

सगळे गेल्यावर मी तिला थांबवलं.

"काही नाही, मॅडम," ती म्हणाली.

"पाटीलबाई, मी खुर्च्या पाहिल्या."

तेव्हा ती बोलली. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी गावातल्या मोठ्या घराची तरुण सून विहिरीत सापडली होती. पाय घसरला, असं घरच्यांनी सांगितलं आणि घाईनं सरण रचलं. पाटीलबाईनं तिच्या गळ्यावरचे वळ पाहिले होते. तिनं सरण पेटू दिलं नाही, ठाण्याला खबर दिली. नवरा आणि दीर दोघे आत गेले. नवऱ्याला जामीन मिळाला नाही, दीर सुटून गावात आला होता. खटला उभा राहणार होता आणि पहिली साक्ष तिची होती.

"मग थंडीत गावात ताप आला. मी नर्सबाईंना बोलावून आणलं. एका म्हाताऱ्याच्या दोन नातवंडांना सुई दिली. दोघं गेली." ती थांबली. "उशीर झाला होता, मॅडम. आधी मांत्रिकाकडे नेलं होतं त्यांना. पण सुई द्यायला मी आणलं ना कुणाला तरी. आता म्हणतात, मी डाकीण आहे. सून मीच खाल्ली, लेकरं मीच खाल्ली."

"कोण म्हणतं?"

"आधी तो दीर म्हणत होता. आता सगळेच म्हणतात."

महिला शिपायानं मला दिलेलं उत्तर जवळजवळ असंच होतं.

दोन दिवसांनी मी तिच्या गावी गेले. भर दुपार होती. उतारावर कुडाची घरं विखुरलेली होती आणि मोहाखाली काही पुरुष बसले होते. आमची गाडी थांबली तरी त्यांच्यातलं कुणी उठलं नाही. बायका दिसत नव्हत्या, लेकरंही नाहीत. डोंगरातल्या गावात गाडी आली की आधी लेकरं धावत येतात. तिथं कुत्रंसुद्धा भुंकलं नाही.

पाटीलबाईचं घर टोकाला होतं. घरासमोरून जाणारी पायवाट लोकांनी सोडली होती. पलीकडच्या खडकाळ उतारावरून नवी वाट पडली होती, आणि इतकी लांबची वाट रोज कुणी उगाच चालत नाही. दाराच्या खांबाला शेंदूर फासला होता आणि खाली काळ्या कोंबड्याची पिसं पडली होती. ती पिसं केरसुणीनं गोळा करून तिनं चुलीत टाकली, जणू रोजचंच काम.

"काही दिवस शहाद्याला चला," मी म्हणाले. "राहायची सोय मी करते. साक्ष होईपर्यंत."

"मी गेले तर ते खरं ठरतं, मॅडम. मग परत येताच येणार नाही."

आईला मी जे बोलले होते तेच ती मला ऐकवत होती. मी महिला शिपायाला आणि एका पुरुष शिपायाला गावातल्या शाळेच्या खोलीत मुक्कामाला ठेवलं. परतताना मोहाखाली गाडी थांबवून त्या दिराला समज दिली. तिशीतला माणूस, इस्त्रीचा शर्ट. त्यानं हात जोडले. "आम्ही काय करणार, मॅडम? लोकांच्या मनात आहे ते." मग माझ्या खांद्यावरच्या ताऱ्यांकडे बघून तो किंचित हसला. "तुम्हाला तर माहीत असेल, लोकांच्या मनात एकदा बसलं की कसं असतं."

याला माझ्याबद्दल काय माहीत आहे, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला आणि मी तो बाजूला सारला.

नंदुरबारला गुन्हे आढावा बैठक झाली तेव्हा मी जादा माणसं मागितली. शहराबाहेरच्या माळांवर लाल मिरची वाळत पडली होती, खोकल्यामुळे बैठकीत कुणाचंच वाक्य पुरं होत नव्हतं. वरिष्ठांनी माझं ऐकून घेतलं. भले गृहस्थ होते. म्हणाले, "होळीचा बंदोबस्त तोंडावर आहे, माणसं कुठून देऊ? आणि एक विचारतो, राग मानू नका. तिथलं तुम्हाला झेपतंय ना? तुमच्या ठाण्याबद्दल काहीबाही कानावर येतं. हवं तर मुख्यालयात घेतो तुम्हाला."

"काय कानावर येतं, सर?"

ते चष्मा पुसत बसले. मी पुन्हा विचारलं नाही.

होळीच्या आधीच्या आठवड्यात आमच्याकडे भोंगऱ्याचा बाजार भरतो. डोंगरातली गावंच्या गावं नटूनथटून ढोल घेऊन उतरतात. आमचं जवळजवळ सगळं ठाणं त्या दिवशी बाजारात होतं. सकाळचं ऊन चढत होतं, ढोलांच्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. महिला शिपायाचा फोन आला तेव्हा मला एका दुकानाच्या आत जाऊन कान झाकावा लागला.

"मॅडम, पिकअप आली आहे. पाटीलबाईंना घेऊन चाललेत. पलीकडच्या राज्यात कुणी जाणता आहे, तो सांगणार म्हणे डाकीण आहे की नाही. मला शाळेत कोंडलंय, बाहेरून कडी लावली."

"आणि तो दुसरा?"

"ते पहाटेच बाजाराला म्हणून गेले, मॅडम. आलेच नाहीत."

जाणता एकदा हो म्हणाला की पुढे काय होतं, ते त्या भागात नोकरी केलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. मी जादा कुमक पाठवायला वायरलेसवर सांगितलं आणि गाडीकडे धावले. नवा चालक किल्ली हातात घेऊन उभा होता, पण दार उघडत नव्हता. "मॅडम, घाटात तुमच्यासोबत..." एवढंच बोलला. पुढचं मी ऐकलं नाही. त्याच्या हातातून किल्ली घेतली आणि चाकामागे बसले. शेजारचं दार उघडून नाना आत आले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. ते का आले, ते मला तेव्हा कळलं नाही.

त्या वळणाशी, जिथं जीप उलटली होती, नानांनी डोळे मिटून घेतले. मी कबूल करते, त्या क्षणी मलाही वाटून गेलं की आता काहीतरी होणार. माझ्याबद्दल इतके जण इतके दिवस जे बोलत होते, ते थोडं माझ्याही आत शिरलं होतं.

गावाच्या अलीकडे रस्त्यावर दगड रचलेले होते. आम्ही गाडी सोडून पायी निघालो. कोरड्या नाल्यात माणसं दिसली. सगळं गाव होतं, बाजाराला कुणी गेलंच नव्हतं. मध्ये पिकअप उभी होती, इंजिन सुरू होतं. तिच्यासमोर पाटीलबाई वाळूत बसली होती, केस मोकळे सोडलेले, हात दोरानं मागे बांधलेले. ढोल नाही, आरडाओरडा नाही. इतकी माणसं आणि इतकी शांतता मी त्याआधी कुठे अनुभवली नव्हती.

आम्हाला पाहून गर्दी बाजूला झाली नाही. मी माणसांमधून अंग चोरत पुढे गेले. कुणी हात लावला नाही, उलट माझा स्पर्श होऊ नये म्हणून बायका मागे सरकत होत्या. तेवढ्यानंच मला वाट मिळाली. मी वाकून दोर सोडायला घेतला तेव्हा एक म्हातारा पुढे आला. ज्याची दोन नातवंडं गेली होती, तोच. तो रागावलेला दिसत नव्हता. थकलेल्या आवाजात तो पावरीत काहीतरी लांबलचक बोलला, आधी तिच्याकडे बोट दाखवून, मग माझ्याकडे.

"नाना, काय म्हणाले ते?"

नाना खाली बघत होते.

"नाना?"

मग वाळूत बसलेल्या पाटीलबाईनंच मला मराठीत सांगितलं, मान वर न करता. "ते म्हणतात, मॅडम आल्यापासून तिच्या ठाण्यात माणसं पडतात. गाडी पडली, शिपाई पडला, कोठडीतला माणूस पडला. ठाण्यातलेच लोक असं सांगतात. म्हणतात, तुम्ही दोघी एकच आहात."

मी खाली बसले. पुढे लोकांनी या गोष्टीचं वेगळं वर्णन केलं, मी निर्धारानं तिच्या शेजारी बसले असं सांगितलं. खरं तर मला उभंच राहवेना. मी वाळूत तिच्या शेजारी बसले, खांद्याला खांदा लागला. तिचं अंग तापलं होतं. एवढे महिने आम्ही दोघी ज्याच्या कडेकडेनं चालत होतो, ते आता समोर उभं होतं, आणि त्याला माझ्या ठाण्यानंच वाट करून दिली होती.

तेव्हा नाना बोलू लागले. पावरीत, म्हाताऱ्याच्या अगदी समोर उभे राहून. आधी आवाज कापत होता, मग चढत गेला. मला एक शब्द कळत नव्हता. मध्येच त्यांनी आपल्या छातीवर हात आपटला. म्हातारा ऐकत राहिला. काय ऐकलं कुणास ठाऊक, पण बोलणं संपल्यावर तो मागे वळला आणि नाल्याच्या काठावर जाऊन दोन्ही हातांत डोकं धरून बसला. त्याच्यामागे काही बायका गेल्या.

गर्दी सैल पडते आहे हे दिराला दिसलं असावं. पहिला दगड त्याच्या बाजूनं आला. मी पाटीलबाईचं डोकं माझ्या मांडीत दाबलं. नाना आमच्यापुढे आले आणि पुढचा दगड त्यांच्या कपाळावर बसला. गणवेशावर रक्त पाहताच पिकअपवाल्यानं गाडी मागे घेतली आणि धुरळा उडवत निघून गेला. तो बाहेरगावचा, भाड्यानं आलेला माणूस, त्याला हे नको होतं. गाडीच गेल्यावर न्यायचं कशात, हा साधा प्रश्न उरला. माणसं तशीच उभी राहिली, गेली नाहीत आणि जवळही आली नाहीत. उन्हात आम्ही तिघं आणि आमच्याभोवती ते गाव, असं किती वेळ चाललं मला सांगता येत नाही. शेवटी वळणावर कुमकीच्या गाडीचा भोंगा ऐकू आला.

शाळेची कडी काढली तेव्हा महिला शिपाई दाराला पाठ लावून बसली होती. दार आतून ढकलून तिचे दोन्ही तळवे सोलवटले होते.

जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. दिराला आणि त्याच्या सोबत्यांना अटक झाली. नानांच्या कपाळाला टाके पडले. दुसऱ्या दिवशी पट्टी बांधूनच ते माझ्या केबिनमध्ये आले आणि बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"मॅडम, ते मीच बोलेल होतो. चहावर. सगळ्यात आधी मीच. डोंगरातले लोक तिथं चहाला येतात, त्यांनी ऐकलं."

"आणि खणातलं लिंबू?"

"ते पण मीच. पण तुमच्या वाईटासाठी नाही. तुमच्यावरचं उतरावं म्हणून." त्यांचे डोळे भरले होते. "माले खरंच वाटत होतं, मॅडम."

नाल्यात त्यांनी गावाला काय सांगितलं, ते मला नंतर पाटीलबाईकडून कळलं. ते म्हणाले होते, ही गोष्ट मी पसरवली, मी खोटं बोललो, गाडीचे ब्रेक खराब होते आणि ते मला ठाऊक होतं. मी त्यांना माफ केलं का, ते मला आजही ठरवता येत नाही. निवृत्तीपर्यंत ते माझ्याच ठाण्यात होते, पण चहाला पुन्हा कधी समोर गेले नाहीत.

मी मात्र त्या ठाण्यात फार काळ राहिले नाही. वरिष्ठांनी पाठ थोपटली, वर्तमानपत्रात फोटो आला, आणि पावसाळ्याआधी मला मुख्यालयात घेण्याचा आदेश निघाला. माझ्या सुरक्षेसाठी, असं त्यात होतं. माझ्या जागी आलेल्या साहेबांच्या पहिल्याच महिन्यात ठाण्याच्या आवारातलं झाड भिंतीवर कोसळलं आणि एक मोटारसायकल चेपली. त्यावर कुणी काही म्हणाल्याचं माझ्या ऐकण्यात आलं नाही.

पाटीलबाईची साक्ष झाली तेव्हा मी रजा काढून न्यायालयात गेले. ती धुतलेलं लुगडं नेसून आली होती. आरोपीच्या वकिलानं बराच वेळ विहिरीबद्दल विचारलं, मग सहज विचारावं तसं म्हणाला, "बाई, गावात तुम्हाला लोक काय म्हणतात?"

सरकारी वकील हरकत घ्यायला उठले. त्याआधीच ती बोलली. "पाटीलबाई म्हणतात."

"आणखी काही?"

"माझं काम तेच आहे, साहेब. गळ्यावर वळ होते. मी पाहिले."

मागच्या बाकावर मोठ्या घरची माणसं ओळीनं बसली होती. तिच्यावरची नजर त्यांनी एकदाही काढली नाही. ती बाहेर पडली तेव्हा तिच्यासाठी वाट सोडून ती माणसं उभी राहिली, अगदी अदबीनं, आणि त्या अदबीनं माझ्या अंगावर काटा आला.

नवऱ्याला शिक्षा झाली. दीर खुनाच्या खटल्यातून पुराव्याअभावी सुटला, दुसऱ्या गुन्ह्यात जामिनावर आहे. तो गावातच राहतो. त्यानं आता पाटीलबाईच्या समोरच्या उतारावर नवं घर बांधलं आहे. तिचं दार उघडलं की त्याचं दार दिसतं.

मी आता निरीक्षक आहे, दुसऱ्या एका ठाण्याची प्रभारी. बढतीचा कागद हातात आला तेव्हा पहिला फोन आईला केला आणि दुसरा पाटीलबाईला. संध्याकाळी रोज एकदा मी तिला फोन लावते. ती शाळेच्या ओट्यावर येते, कारण रेंज तिथंच मिळते, आणि काय रांधलं ते सांगते. कधी फोन लागत नाही. तेव्हा लागेपर्यंत मी दुसरं काही करू शकत नाही.

गेल्या आठवड्यात तिच्या नेमणुकीच्या नूतनीकरणाचं होतं. प्रांत कार्यालयानं गावातून हरकती मागवल्या होत्या, चावडीवर कागद लावला होता. मी विचारलं, "काय झालं?"

"एकही हरकत आली नाही, मॅडम."

"मग चांगलंच झालं की."

तिकडून वारा तेवढा ऐकू येत होता.

"त्या मोठ्या घरानं पण नाही घेतली," ती म्हणाली. "तलाठ्यानं दोनदा विचारलं सगळ्यांना. सगळे होते. म्हातारा होता, तो दीर होता. कोणी बोललंच नाही. नुसते बघत होते माझ्याकडे."

"सही झाली ना तुमची?"

"झाली."

मग पुढच्या बैठकीला नव्या साहेबांकडे कोणते कागद न्यायचे ते तिनं मला विचारलं, मी ते सांगितले, आणि अंधार पडायच्या आत घरी जायला हवं असं म्हणून तिनं फोन ठेवला.